मोटारीच्या अंतर्भागाची निर्धोक सफाई

मोटारीचा बाह्यभाग पावसासाठी घडवलेला असतो. छतावरचे पाणी कडेच्या पन्हाळीतून निथळावे, समोरच्या काचेवरून ओघळलेले बॉनेटमागच्या जाळीतून चाकांच्या बाजूला उतरावे, दारांत शिरलेले दाराच्याच तळाशी ठेवलेल्या छिद्रांतून बाहेर पडावे, अशी तजवीज रचनाकाराने आधीच करून ठेवलेली असते; आणि म्हणून वॉशिंग सेंटरवर फवाऱ्याचा पाइप धरून शिकलेल्या मुलाच्या मनात पाणी म्हणजेच सफाई असे जे समीकरण दृढ होते, ते बाहेरच्या कामापुरते मुळीच चुकीचे नसते. तोच मुलगा पुढे आतल्या कामावर नेमला जातो तेव्हा मात्र त्याला सर्वप्रथम हे समीकरण विसरावे लागते, कारण आत ओतलेल्या पाण्याला वाट नाही. ते गालिच्यातून खालच्या जाड नमद्यात मुरते, तेथून जाणाऱ्या तारांच्या जुडग्यांभोवती आणि आसनांखालच्या विजेच्या जोडण्यांभोवती साचते, आणि वरचा गालिचा दोन दिवसांत हाताला कोरडा लागू लागला तरी खाली कित्येक दिवस तसेच राहून प्रथम कुबट वासाच्या, मग बुरशीच्या आणि अखेरीस गंजाच्या रूपाने प्रकट होते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कोकणात किंवा मुंबईत ज्याने गाडीचा भिजलेला गालिचा वाळवण्याचा प्रयत्न केला असेल, त्याला हे वेगळे सांगावयास नको.

परंतु बुरशी आणि गंज हे या प्रकरणाचे मुख्य प्रयोजन नव्हे. अपघाताच्या क्षणी आतील माणसांचे प्राण वाचावेत यासाठी जुळवलेल्या यंत्रणेचा बराचसा भाग मोटारीच्या याच कापडाआड, प्लास्टिकाआड आणि रेक्झिनआड दडलेला आहे, आणि सफाई करणारा माणूस त्या यंत्रणेवर रोज हात फिरवीत असतो. ती यंत्रणा जशी हाती आली तशीच, तिळमात्र उणी न करता, मालकाच्या स्वाधीन करणे हे त्याचे पहिले कर्तव्य होय. डाग निघणे हे दुसरे. या दोहोंत विरोध आला तर डाग राहू द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढील सर्व विवेचन या एका मताचा विस्तार आहे.

आपल्याकडे १ जुलै २०१९ नंतर तयार होणाऱ्या मोटारींत चालकासमोरची एअरबॅग सक्तीची झाली आणि पुढे शेजारच्या आसनासाठीही तोच नियम आला. तेव्हा आज नवशिक्याच्या हाती येणाऱ्या बहुतेक गाड्यांत निदान दोन एअरबॅगा असतात असे धरून चालावे. एक स्टिअरिंगच्या मध्यभागी, दुसरी डॅशबोर्डाच्या डाव्या भागात. आणि महागड्या गाडीत याखेरीज पुढल्या आसनांच्या दाराकडील कडेत व खिडक्यांच्या वर, छताच्या अस्तराआड, लांब पडद्यासारख्या गुंडाळलेल्या. जेथे जेथे ‘एसआरएस एअरबॅग’ अशी अक्षरे उमटवलेली दिसतील तेथे आत एक स्फोटक कुपी आहे हे ओळखावे. टक्कर होताच ही पिशवी सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या भागात फुगते. एवढ्या वेगाने उघडणाऱ्या झाकणाच्या फटीत चिकट पॉलिश साचू देऊ नये, त्यावर कडक ब्रश चालवू नये, त्यात पाणी मुरू देऊ नये. मऊ कापड किंचित ओलसर करून वरवर पुसणे एवढाच व्यवहार त्या जागेशी ठेवावा. बाटलीतील द्रावण सरळ पृष्ठावर न फवारता कापडावर फवारावे, हा नियम सर्व अंतर्भागालाच लागू आहे. परंतु स्टिअरिंग, बटणे, चावीचे भोक आणि एअरबॅगची झाकणे यांच्या बाबतीत त्याला अपवाद असू नये.

आसनांखाली वाकून टॉर्चच्या उजेडात पाहिले तर तारांच्या टोकाशी पिवळ्या रंगाच्या जोडण्या दिसतात. पिवळा रंग हा येथे इशारा आहे: या तारा एअरबॅगकडे किंवा सीटबेल्ट क्षणार्धात आवळणाऱ्या, तशाच स्फोटक कुपीवर चालणाऱ्या यंत्राकडे जातात. खालची घाण नीट निघावी म्हणून हौशी कारागीर आसनच उचकटून काढतो, जोडणी सोडतो आणि मध्येच दिवा लागतो का पाहण्यासाठी चावी फिरवतो. तत्क्षणी गाडीच्या संगणकात दोषाची नोंद होते आणि डॅशबोर्डावरचा एअरबॅगचा दिवा जळू लागतो तो परत जोडणी केल्यानेही बहुधा विझत नाही. तो दिवा जळत असताना अपघात झाला तर एअरबॅग उघडेलच असा भरवसा देता येत नाही. आसने काढण्याचे काम गाडीच्या बॅटरीची जोडणी सोडून, निर्मात्याने नेमून दिलेला वेळ थांबून, जाणत्या मेकॅनिकनेच करावे; नवशिक्याने लांब नळीच्या व्हॅक्यूमने आणि पातळ ब्रशने जितके निघेल तितके काढून समाधान मानावे. विजेवर चालणाऱ्या गाडीत नारिंगी आवरणाची तार दिसली, तर तिच्यातून शेकडो व्होल्ट दाबाचा प्रवाह वाहतो हे ध्यानात ठेवून तिच्या आसपास पाण्याचा थेंबही नेऊ नये.

सीटबेल्टविषयी थोडे सविस्तर लिहिणे अवश्य आहे, कारण येथे सर्वाधिक अज्ञान आढळते. व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ साली सिद्ध केलेला तीन ठिकाणी बांधला जाणारा हा पट्टा आजही रस्त्यावरील संरक्षणाचा मुख्य आधार आहे. त्याची वीण बहुधा पॉलिएस्टरच्या धाग्यांची असते. घामाने आणि केसांच्या तेलाने तो खांद्यापाशी काळवंडतो, आणि मळका पट्टा शुभ्र करून दाखविण्याच्या उत्साहात त्यावर ब्लीच किंवा तीव्र अल्कधर्मी द्रावण चोळले जाते. रंग उजळतो, पण धागा आतून जीर्ण होतो; आणि जीर्ण झालेला धागा डोळ्यांना दिसत नाही. योग्य रीत अशी की पट्टा पूर्ण बाहेर ओढून, तो आपोआप आत जाऊ नये म्हणून वर चिमटा लावून, कोमट पाण्यात मिसळलेल्या सौम्य साबणाने मऊ ब्रश लांबीच्या दिशेने फिरवावा, स्वच्छ ओल्या कापडाने साबण दोनदा टिपून घ्यावा, आणि पट्टा संपूर्ण कोरडा होईपर्यंत चिमटा काढू नये. ओला पट्टा आत गुंडाळला गेला तर आतल्या यंत्राला गंज चढण्याची आणि पट्ट्याला बुरशी लागण्याची भीती असते. पट्ट्याच्या कडा उसवलेल्या किंवा चिरलेल्या दिसल्यास त्या धुण्याच्या भानगडीत न पडता मालकास लेखी कळवावे. लहान मुलांच्या स्वतंत्र आसनाचे पट्टेही याच नियमाने धुवावेत, आणि ते आसन परत बसवताना मालक समक्ष असावा.

आता द्रावणांकडे वळू. हेंकेल या जर्मन कंपनीतील रसायनज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ साली मांडलेली एक उपपत्ती या धंद्यातील प्रत्येकाने मुखोद्गत करावी अशी आहे. कोणतीही सफाई चार घटकांच्या संयोगाने घडते, असे ते म्हणतात: द्रावणाची रासायनिक शक्ती, घासण्याचे बळ, उष्णता आणि काळ, यांपैकी एक उणा केला तर दुसरा वाढवून ती तूट भरून काढावी लागते. या विचाराला मोटारीच्या अंतर्भागात विशेष अर्थ येतो. रासायनिक शक्ती वाढवली तर चामड्याचा आणि प्लास्टिकाचा रंग जातो. बळ वाढवले तर कापडाला लव फुटते आणि मऊ प्लास्टिकावर ओरखडे उठतात. उष्णता वाढवली तर छताचा डिंक सुटतो. चौथा घटक, म्हणजे काळ, तेवढा पुष्कळसा निरुपद्रवी आहे. सौम्य द्रावण लावून, ते सुकू न देता, काही मिनिटे थांबणे आणि मग हलक्या हाताने टिपून घेणे ही रीत नवशिक्याला कंटाळवाणी वाटते. पण ज्या कामासाठी तो बळ वापरू पाहतो त्यापैकी अर्धे काम थांबण्यानेच होते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे तेलाकडे ओढ घेणारे असते. तेलाच्या कणाभोवती अशा रेणूंचा वेढा पडून तो कण पृष्ठापासून सुटण्यास अवधी लागतो, आणि तो अवधी कारागिराच्या घाईने कमी होत नाही.

द्रावणाची तीव्रता ओळखण्यास पीएच ही मोजपट्टी कामी येते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेन सोरेनसेन यांनी ती १९०९ साली प्रचारात आणली. ७ हा अंक उदासीन, त्याखालील अंक आम्लाचे, वरचे अल्काचे. आणि पट्टीवरील प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या दसपट, त्यामुळे १० अंकाचे द्रावण ७ अंकाच्या द्रावणापेक्षा तीन पटींनी नव्हे, एक हजार पटींनी अधिक अल्कधर्मी असते. बाजारात ‘ऑल पर्पज क्लीनर’ या नावाने मिळणारी बहुतेक द्रावणे अल्कधर्मी असतात आणि तेलकट मळावर त्यांचा गुण चांगला येतो. परंतु कमावलेले चामडे स्वभावतः किंचित आम्लधर्मी असल्यामुळे अशी द्रावणे पाणी न मिसळता त्यावर वापरली असता वरचा रंगलेप निस्तेज होतो आणि कालांतराने चामडे कोरडे पडून तडकते. चामडे, रेक्झिन आणि सुती किंवा पॉलिएस्टरचे कापड यांना शक्यतो उदासीन द्रावण, तेही आसनाच्या मागल्या तळाशी झाकलेल्या जागी लावून पाहिल्यानंतरच. ही चाचणी कोठलीही गाडी कितीही ओळखीची असली तरी चुकवू नये.

अल्काचा प्रताप पाहावयाचा असेल तर आपल्याकडील कारागिराला प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. सणासुदीला डबे घेऊन निघालेल्या कुटुंबाच्या गाडीत आसनावर आमटी सांडली, आणि त्या पिवळ्या डागावर अल्कधर्मी साबण पडला, की डाग क्षणात तांबडा होतो. नवशिका घाबरतो, कापड जळाले असे समजून अधिक साबण ओततो आणि डाग पसरवतो. वास्तविक हळदीतील रंगद्रव्याचा हा गुणधर्मच आहे: अल्कात ते लालसर होते, आम्लात पुन्हा पिवळे. अशा वेळी साबण थांबवून साध्या पाण्याने जागा टिपून घ्यावी, पाणी मिसळलेल्या व्हिनेगरचा हलका हात द्यावा, आणि उरलेली पिवळी छटा उन्हावर सोपवावी, कारण हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही. चहाचा डागही सौम्य आम्लाला वश होतो. रक्त आणि अंडे यांना मात्र गरम पाणी किंवा वाफ कधीही दाखवू नये, नाहीतर त्यांतील प्रथिने गोठून धाग्याला कायमची धरतात. थंड पाणी हाच त्यांवर उपाय. दूध सांडले असेल तर डागापेक्षा वासाचा प्रश्न मोठा, आणि तो सुगंधी फवाऱ्याने न सुटता एन्झाइमयुक्त क्लीनरने, तोही पुरेसा वेळ ओलसर ठेवल्याने सुटतो. विसर्जनाच्या मिरवणुकीहून आलेल्या गाडीत गुलाल असतो. त्याला पाणी लागण्यापूर्वी जेवढा निघेल तेवढा कोरडाच व्हॅक्यूमने ओढून घ्यावा, कारण ओल्या झालेल्या गुलालाचे कापडातील वास्तव्य दीर्घ असते.

येथवर गाडीच्या सुरक्षिततेचा विचार झाला. काम करणाऱ्याच्या सुरक्षिततेचा विचार अद्याप झालेला नाही, आणि दुर्दैवाने या धंद्यात तो सर्वांत शेवटी होतो. डांबर, ग्रीस किंवा डिंकाचा डाग काढण्यासाठी पेट्रोलमध्ये किंवा थिनरमध्ये बुडवलेला बोळा वापरण्याचा शिरस्ता पुष्कळ ठिकाणी अजून चालू आहे. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते, ती हवेपेक्षा जड असल्यामुळे गाडीच्या तळाशी साचून राहते, आणि तेथेच व्हॅक्यूमच्या मोटारीची ठिणगी किंवा दाराच्या दिव्याची कळ तिची वाट पाहत असते. बंदिस्त जागेत तिचा श्वास घेणे प्रकृतीलाही घातक, कारण पेट्रोलात बेंझीन हे कर्करोगकारक द्रव्य असते. पेट्रोल, थिनर आणि रॉकेल यांना मोटारीच्या अंतर्भागात मज्जाव असावा. ज्या मालकाने किंवा मुकादमाने ते वापरण्याचा हुकूम दिला असेल त्याला नवशिक्याने नम्रपणे परंतु ठामपणे नकार द्यावा, आणि तो नकार ऐकून घेण्याइतके मोठे मन त्या मुकादमाने ठेवावे.

दुसरा धोका मिश्रणाचा. संडास साफ करण्याच्या आम्लाबरोबर ब्लीच मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तर क्लोरामाइनचे वायू. आणि गाडीच्या चार दारांआड हे वायू मोकळ्या अंगणापेक्षा कितीतरी अधिक वेगाने छातीत जातात. कोणतीही दोन द्रावणे एका बाटलीत एकत्र करू नयेत, आणि बिनचिठ्ठीची बाटली हातात घेऊ नये; शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत क्लीनर भरून ठेवण्याची सवय तर गुन्हा मानावी, कारण तहानलेला माणूस रंग पाहत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या जागतिक पद्धतीनुसार धोकादायक रसायनांच्या आवेष्टनावर लाल किनारीच्या चौकटीत चिन्हे छापलेली असतात, आणि प्रत्येक रसायनासोबत सोळा कलमांचे सुरक्षा माहितीपत्रक मिळू शकते. विक्रेत्याकडून ते मागून घ्यावे, आणि त्यातील प्रथमोपचाराचे कलम तरी कोणाकडून मराठीत समजावून घेऊन भिंतीवर लावावे.

उघड्या डोळ्यांना न दिसणारे धोकेही आहेत. बंद गॅरेजमध्ये गालिचा वाळवण्यासाठी इंजिन चालू ठेवून एसी लावणे म्हणजे रंगहीन, गंधहीन कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण होय. हे काम उघड्यावरच करावे. दुर्गंधी घालवण्यासाठी ओझोनचे यंत्र लावण्याची प्रथा वाढत आहे. अमेरिकेतील कामगार सुरक्षा नियमांनुसार आठ तासांच्या कामात ओझोनचे सरासरी प्रमाण दहा लाख भागांत ०.१ भागापेक्षा अधिक असू नये, आणि ही यंत्रे त्याच्या कितीतरी पट ओझोन सोडतात. म्हणून यंत्र चालू असता गाडीत कोणीही असू नये, नंतर चारही दारे उघडून ती दीर्घकाळ हवेशीर ठेवावी, आणि हा प्रयोग वारंवार करू नये, कारण ओझोनने रबरालाही भेगा पडतात. पाणी ओढणारा व्हॅक्यूम २३० व्होल्टांवर चालतो आणि कारागीर ओल्या जमिनीवर उभा असतो; तेव्हा ज्या बोर्डावर अर्थिंग नाही आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नाही तेथे ते यंत्र जोडू नये. आसनाखाली किंवा आसनाच्या फटीत न पाहता हात घालू नये. तेथे ब्लेड असते, सुई असते, फुटलेली काच असते, आणि काहीच नसले तरी आसनाच्या रुळांची पत्र्याची धार असते. नायट्राइलचे हातमोजे, हवा मारताना डोळ्यांवर चष्मा आणि धुळीच्या कामात चांगला मास्क एवढी सामग्री धंद्याच्या मालकाने पुरवावी. कारागिराच्या पगारातून तिचे पैसे कापून घेणे मला अन्यायाचे वाटते.

उंदरांचा उल्लेख येथेच करतो. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत ते शिरतात, आणि त्यांच्या लेंड्या कोरड्या ब्रशने झाडल्या किंवा साध्या व्हॅक्यूमने ओढल्या तर त्यांची धूळ श्वासात जाते. त्या प्रथम जंतुनाशकाने भिजवाव्या, मग हातमोजे घालून कागदाने उचलाव्या. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीला तर नवशिक्याने हात लावू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि पुढील आठवड्यांत मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने पुष्कळ बळी घेतले. उंदरांच्या मूत्रातून पुराच्या पाण्यात उतरणारा हा जंतू हातापायांवरच्या बारीक जखमेतूनही शरीरात शिरतो. अशा गाडीतील एअरबॅगची यंत्रणा आणि तारांच्या जोडण्या अधिकृत वर्कशॉपने तपासून बदलल्याखेरीज तिची आसने चकचकीत करून देणे म्हणजे खरेदीदाराची फसवणूक करण्यास हातभार लावणे होय.

कामाचा क्रम एकदा अंगवळणी पडला की बाकीचे सोपे आहे. गाडी सावलीत घ्यावी, कारण उन्हात उभ्या बंद गाडीचे तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सुमारे २२ अंशांनी वाढू शकते, द्रावण लावताच सुकून डाग धरते आणि आत वाकलेल्या माणसाला भोवळ येते. मालकासमक्ष तपासणी करून फर्द लिहावी: कोठे ओरखडा आहे, कोठे फाटले आहे, आत कोणत्या मौल्यवान वस्तू आहेत, चावी फिरवल्यावर कोणते इशारादिवे जळतात व विझतात. मोबाइलने छायाचित्रे घ्यावीत. ही नोंद दोन्ही पक्षांची ढाल आहे. मग वरून खाली आणि कोरड्याकडून ओल्याकडे जावे. छताचे अस्तर म्हणजे पातळ फोमवर चिकटवलेले कापड. ते भिजले की डिंक सुटून खाली लोंबते, म्हणून तेथे ओलसर कापडाने फक्त टिपावे, घासू नये, आणि वाफ तर नकोच. संगणकाचा पडदा बंद असताना कोरड्या किंवा जेमतेम ओलसर मायक्रोफायबरने पुसावा. त्यावरचा चकाकी कमी करणारा लेप अमोनियाने व स्पिरिटने खराब होतो, आणि ‘मॅजिक’ या नावाने विकला जाणारा पांढरा स्पंज मुळात बारीक पॉलिशपेपरचेच काम करतो हे विसरू नये. मीटरवरच्या पारदर्शक प्लास्टिकालाही हाच नियम. मागल्या काचेच्या आतल्या बाजूस दव घालवणाऱ्या बारीक रेषा असतात. कापड त्यांच्या दिशेने, आडवेच न्यावे, उभे घासल्यास त्या तुटतात. मायक्रोफायबरची कापडे आसनांची, काचेची आणि तळाची अशी वेगळी ठेवावीत, आणि धुताना त्यांत कपडे मऊ करणारे कंडिशनर घालू नये, कारण त्याने त्यांची शोषणशक्ती जाते.

आसनाचे कापड धुताना पाणी कमी आणि ओढून घेणे जास्त, हे प्रमाण राखावे. एक भाग भिजवला की तो लगेच ओढून घ्यावा, मगच पुढच्या भागाकडे जावे. गाडी परत देताना आसन दाबून पाहिल्यावर हाताला ओल लागत असेल तर ती अद्याप तयार नाही, मग मालक दारात येऊन का उभा राहीना. पावसाळ्यात यासाठी एक दिवसाची मुदत अधिक मागून घेणेच प्रामाणिकपणाचे.

डॅशबोर्डावर चकाकी आणणारे सिलिकोनचे पॉलिश गिऱ्हाइकाला फार आवडते, आणि सर्वांत जास्त धोकाही तेच निर्माण करते. डॅशबोर्ड चमकला की त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडते आणि दुपारच्या उन्हात चालकाला रस्ता धूसर दिसतो. स्टिअरिंगवर ते लागले तर हात घसरतो, पेडलवर लागले तर पाय. डॅशबोर्डाला मंद, नैसर्गिक पोत ठेवणारे पॉलिश पुरेसे आहे. स्टिअरिंग, पेडल, हँडब्रेक, गिअरची मूठ आणि सीटबेल्ट यांना कोणतेही पॉलिश लावू नये, मालकाने आग्रह केला तरी.

डॅशबोर्डावर गणपतीची किंवा स्वामींची मूर्ती असते, आणि ती श्रद्धेने ठेवलेली असते. ती हलवण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी, स्वच्छ हातांनी उचलावी, स्वच्छ कापडावर ठेवावी. परंतु ती मूर्ती डाव्या बाजूच्या एअरबॅगच्या झाकणावरच चिकटवलेली असेल, तर टकरीत ती प्रचंड वेगाने समोर बसलेल्या माणसाकडे फेकली जाईल, हे मालकाला आदरपूर्वक समजावून सांगणे आणि मूर्तीसाठी दुसरी जागा सुचवणे हे कारागिराचे काम आहे. आसनांच्या कडेत एअरबॅग असेल तर तेथे जाड, बंद शिवणीचे सीटकव्हर चढवू नये, हेही सांगावे. माझा अनुभव असा की, मालक हे ऐकून रागावत नाही.

शेवटी पायाखालची मॅट. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोजवळ, विक्रेत्याने तात्पुरती वापरायला दिलेल्या एका लेक्सस मोटारीत दुसऱ्या नमुन्याच्या गाडीची जाड मॅट बसवलेली होती. ॲक्सिलरेटरचे पेडल तिच्यात अडकले, गाडी आवरली नाही आणि आतील चौघेही मृत्युमुखी पडले. त्यानंतर टोयोटा कंपनीला मॅटमुळे पेडल अडकण्याच्या भीतीपायी अमेरिकेतील सुमारे ३८ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मॅट धुऊन वाळवल्यावर ती परत बसवणे हे काम बहुधा सर्वांत नव्या, सर्वांत कमी पगाराच्या मुलाकडे असते, आणि तो घाईत मागली मॅट पुढे टाकतो, किंवा जुन्या मॅटवर नवी अंथरतो, किंवा हुकात अडकवायचे विसरतो. या एका कामासाठी मुकादमाने स्वतः खाली वाकावे. मॅट त्याच गाडीची आहे ना, तिचे हूक बसले आहेत ना, तिन्ही पेडले तळापर्यंत जाऊन मोकळी वर येतात ना, आसनाखाली एखादी बाटली लोळत राहिली नाही ना, चारही सीटबेल्ट टक् असा आवाज करून बसतात आणि सुटतात ना, आणि चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही क्षण जळून विझतो ना, एवढे पाहिल्याखेरीज गाडीची चावी मालकाच्या हाती देऊ नये. आणि तो दिवा आधीच्या फर्दीत विझलेला असून आता जळत असेल, तर तसे सांगून गाडी वर्कशॉपकडे पाठवावी, त्या दिवसाची मजुरी बुडाली तरी.